बोनकोड्याचे ब्याण्णव बेकार

पुतळा म्हावरेवालीचं आणि पोपट कंपाउंडरचं काहीतरी आहे, ही बातमी एकोणऐंशी सालच्या दसऱ्यानंतर बोनकोड्यात निघाली. दोन दिवसांत ती घणसोलीला पोचली आणि तिसऱ्या दिवशी परत आली, तेव्हा तिच्यात एक मंगळसूत्र आणि पळून जाण्याची तारीखही वाढलेली होती.

बातमी गोजराची. गोजराचं घर दवाखान्यासमोर. दुपारी दोन ते चार दवाखान्याचं दार आतून बंद असतं आणि दाराबाहेर पुतळाची रिकामी पाटी असते, हे तिनं सलग चार दिवस पाहिलं. पाटीभोवती गावची सगळी मांजरं पहाऱ्याला बसल्यासारखी बसलेली. म्हणजे लपवाछपवी म्हणावी तर तीही धड नव्हती.

लोकांना या बातमीची चव लागली याला कारण होतं. पुतळा सेहेचाळीस वर्षांची विधवा, आवाज असा की पाटी घेऊन वेशीत शिरली की शेवटच्या घरात तवा चढायचा. मिठागराच्या मुकादमानं एकदा अंगचटीला यायचा प्रयत्न केला, तर तिनं हातातला जिताडा त्याच्या तोंडावर मारला होता. जिताडा चार शेरांचा होता. आणि पोपट? थर्मामीटरला शर्ट घातला तर जसा दिसेल तसा. शिरूरकडचा, बायको गावी, इथं एकटा. पुतळाशी बोलताना दोन पावलं मागं सरून बोलणारा. या दोघांचं जमावं म्हणजे गावाला दिवाळीआधीच फराळ.

पण सुरुवात झाली ती बोनकोड्यात नाही, वाशीला.

पुतळा आठवड्यातून तीनदा म्हावरं घेऊन वाशीच्या नव्या सोसायट्यांत जायची. तिथं दुसऱ्या मजल्यावर नंदकुमार साहेब राहायचे. आकडेशास्त्र शिकलेले, सरकारच्या पाहणी खात्यात अधिकारी, माणूस सरळ. त्यांची बायको अरुणा गिरगावची. ती कोळंबी घ्यायची आणि घेताना घासाघीस करायची, कारण केली नाही तर पुतळाला राग यायचा.

"ताजी आहे ना हो?"

"ताई, तुमचा सायेब झोपल्याला व्हता तवा ही खारीत नाचत व्हती."

साहेब आतून कागद नाचवतच बाहेर आले. "अरुणा, ऐक. आकडा बघ कसा बोलतोय. वर्षभरात दवाखान्यात आलेल्या पेशंटपैकी शंभरातले ब्याण्णव बेकार!"

"कंच्या गावचा, सायेब?" पुतळानं विळीवरून मान वर न करता विचारलं.

"तुमच्याच. बोनकोड्याचा."

"पाच कोडीला आठ कमी," पुतळा पुटपुटली. म्हावरं वीसवीसच्या कोडीनं मोजायची सवय. तिला शंभर म्हणजे पाच कोडी. "मंग?"

साहेबांना श्रोता मिळाला. ते दारातच उकिडवे बसले आणि समजावून सांगू लागले. बेकारी हाच मूळ रोग. काम नाही म्हणून माणूस धड खात नाही, पितो, खचतो आणि आजारी पडतो. ताप, खोकला, जुलाब ही नुसती वरची लक्षणं. म्हणजे दवाखान्यावर खर्च करणं हे छप्पर गळतंय ते सोडून खाली बादल्या लावत बसण्यासारखं. तोच खर्च वेल्डिंगच्या वर्गावर केला, तर लोकांना काम मिळेल आणि दोन वर्षांत ताप आपोआप जाईल.

"आनी दवाखाना?"

"मार्चअखेर बंद. माझा रिपोर्ट तसाच चाललाय. तुमच्याच भल्यासाठी आहे, बाई."

पुतळाचा हात थांबला. एकाहत्तर साली तिचा नवरा तापानं फणफणला, तेव्हा गावात दवाखाना नव्हता. ठाण्याला नेईपर्यंत तो राहिला नाही. पुढं दोन वर्षांनी देवजी पंचाच्या घरच्या दोन खोल्यांत सरकारनं दवाखाना काढला, आणि त्यानंतर गावात तापानं कुणी गेलं नाही, हा तिचा हिशेब होता.

"सायेब, मच्छर चावताना इचारतो का, कामाला जातस का म्हनून?"

अरुणा खुदकन हसली. साहेब नाही हसले. "विनोद ठीक आहे. पण आकड्याला उत्तर आकड्यानंच द्यावं लागतं."

"बरा," पुतळा म्हणाली. कोळंबी सोलून दिली, पाटी उचलली आणि त्या दिवशी उरलेल्या चार बिल्डिंगा न करताच परत निघाली.

तिला टोचत होतं ते वेगळंच. त्या ब्याण्णवांत तिचा शिवा होता. भादव्यात शिवाला हिवताप भरला तेव्हा तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती. पोपटनं वहीत डोकं घालून विचारलं, "धंदा काय लिवू?" आणि तिनं बिनदिक्कत सांगितलं, "बेकार." शिवा तेव्हा हमरस्त्यावरच्या कंपनीत बदलीवर, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी, कामाला होता.

मग खोटं का सांगितलं? सगळ्यांनीच सांगितलं होतं. नव्या शहरासाठी सरकारनं शेतं घेतली, मिठागरं घेतली, आणि घरटी एक नोकरी देऊ असं म्हटलं. यादी कधी होणार, कुठं होणार, कुणाला माहीत नव्हतं. गावात सरकारची म्हणून वही एकच, दवाखान्याच्या टेबलावरची. तेव्हा नोकरीची यादी याच वहीतून निघणार, अशी बातमी गोजरानंच तीन वर्षांपूर्वी काढली होती. झालं. ताप असो की करट असो, बोनकोड्यातला माणूस पोपटला आधी 'बेकार' सांगायचा आणि मग कुठं दुखतंय ते.

ताप कशाचा, हेही गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. खाडीचा बांध भरतीनं फोडून खांड पाडली की गावकीची हाक यायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा. लग्न असो, मयत असो, माणूस द्यायचाच. जमीन गेली तशी ती हाक गेली. बांध आता कुणाचा? कागदावर सरकारचा. समुद्र काही कागद बघून आत येत नाही. पाणी सोडायच्या उघाडीची लाकडी दारं कुजून पडली, भरतीचं पाणी शेतांत शिरलं आणि तिथंच राहिलं. आधी हिरवं झालं, मग काळं, आणि मग त्यातून मच्छरांचे थवे उठायला लागले.

त्या दिवशी पुतळा थेट दवाखान्यात गेली आणि टेबलापाशी उभी राहिली. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचा. बाकी दिवस पोपटचं राज्य.

"पोपट, एक काम हाय तुज्याकडं."

"काय वं, काकी? खोकला हाय का?"

"खोकला नाय. दार लाव."

पोपट जो घाबरला, तो पुढचे पंधरा दिवस घाबरलेलाच होता. पण दार त्यानं लावलं. आणि समोरच्या खिडकीत गोजरा तांदूळ निवडत होती.

पुढचं गावानं केलं. पुतळा पाणवठ्यावर आली की बायकांचा आवाज खाली जायचा आणि हसू वर यायचं. एकीनं विचारलं, "पुतळे, आज काय दिलान कंपाउंडरनी? गोली का मिक्चर?"

"तुज्या नवऱ्याला जा दिल्तान त्याच," पुतळा म्हणाली, "जुलाबाचा."

घरात मात्र तिचं तोंड चालेना. शिवा जेवताना बोलायचा बंद झाला. आठव्या दिवशी ताट सरकवून म्हणाला, "आई, मित्र हसतान मना. सांग एकदा, काय चाललाय?"

"काम."

"कसला काम, दार लावून?"

"दार लावून कराचा काम."

शिवा उठून गेला. पुतळानं त्याचं ताट धुतलं. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पाटी पुन्हा दवाखान्याच्या दाराबाहेर होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी नंदकुमार साहेब गावकीला समजावायला आले. बैठक देवजीच्या ओट्यावर. देवजी गावचा पंच आणि दवाखान्याचा घरमालक. दवाखाना गेला तर त्याचं भाडं जाईल, तो विरोध करील, असं वाटावं. पण वेल्डिंगचा वर्ग त्याच खोल्यांत आणि दुप्पट भाड्यानं भरणार, हे त्याला कळलेलं होतं. त्यामुळे त्याला अचानक तरुणांच्या भवितव्याची फार काळजी वाटायला लागली होती.

साहेब चांगलं बोलले. ब्याण्णवचा आकडा आला तेव्हा लोक खुशीत एकमेकांकडं बघू लागले. त्यांना वाटलं, नोकऱ्यांचीच यादी निघाली. दवाखाना बंद होणार हे वाक्य त्या खुशीत कुणाच्या कानात शिरलंच नाही. देवजी म्हणाला, "सायेब बोलतान ता बराबर हाय. गावाची मंजुरी हाय म्हनून लिवा."

तेवढ्यात पुतळानं पाटी आणून बरोबर मध्ये ठेवली.

बैठकीत बायकांनी भिंतीला उभं राहून ऐकायचं, ही गावची रीत. देवजी खेकसला, "पुतळे, बैठक हाय! म्हावरा मागून."

"म्हावरा इकाला नाय आयली. आकडा घेऊन आयली. सायेबांनीच सांगल्यान, आकड्याला आकडा लागतो." ती साहेबांकडं वळली. "वाचा तुमच्या ब्यान्नवातली नावा."

"नावं नाहीत माझ्याकडे, बाई. मी फक्त धंद्याच्या रकान्याची बेरीज घेतली."

"माज्याकडं हायत. पयला नाव माज्या घरचा. शिवा, उमर चोवीस, हिवताप, धंदा बेकार. मीच सांगितला व्हता. खोटा सांगितला. माजा पोर आठ म्हैने कंपनीत बदलीवर हाय."

मागं उभ्या असलेल्या शिवाचा चेहरा काळवंडला. घरटी एक नोकरी मिळायची होती, तिच्यावर आईनं भर बैठकीत पाणी सोडलं होतं.

"दुसरा नाव. कान्हा. जुलाब. धंदा बेकार." पुतळानं बायकांकडं हात केला. "गो, दाखव त्याला."

एका पोरीनं कडेवरचं मूल वर उचललं. तीन महिन्यांचं. ते साहेबांकडं बघून बोळकं पसरून हसलं.

"सायेब, याला येल्डिंग शिकवाल? हात धरून शिकवा, पडंल."

बैठकीत हसू फुटलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मूल तिथंच होतं.

"तिसरा नाव. सुमित्राबाई, उमर ऐंशी, गुडघं. धंदा बेकार."

भिंतीपासून म्हातारीचा आवाज आला, "मंग? हायच मी बेकार! सून कायच करू देत नाय!"

"चौथा नाव. देवजी, उमर छप्पन, खोकला..."

"पुतळे, तोंड सांभाल!"

"...धंदा बेकार. सायेब, तुमचा सरकार दर म्हैन्याला या बेकाराला भाडा देतो. दोन पोर कारखान्यात. पगार झाला का आठ तारखेला याच्या घरात पापलेट जातो. बेकाराच्या घरात सुका बोंबील जातो. कोनाच्या घरात काय शिजतो ता माज्या पाटीला इचारा, वहीला नको."

आता मात्र हसणं थांबलं. पाचवं नाव कुणाचं, या धाकानं पुरुष ओट्यावरून हळूहळू मागं सरकू लागले. एकजण ओरडला, "गावाच्या पोटावर पाय देतेस तू!"

"पाय मी नाय दिला. नोकरीची यादी या वहीतून निघनारच नव्हती. सायेब, निघनार व्हती?"

"या वहीतून? छे," साहेब गोंधळून म्हणाले. "ती दुसऱ्या खात्याची गोष्ट. जमिनीच्या कागदांवरून ठरते."

सगळ्या माना गोजराकडं वळल्या. गोजरा आभाळाकडं बघू लागली.

"ऐका आता," पुतळा म्हणाली. "पोरं काढली, म्हातारी काढली, कामावर असून खोटा सांगनारी काढली. राहिली कामाच्या उमरीची मानसा. तेंच्यात पाच कोडीला दीड कोडी नि वर एक खरे बेकार. एकतीस. आनी दवाखाना सोडून सगला गाव घर धरून मोजला, तर कामाच्या उमरीच्या पाच कोडीत दीड कोडी. तीस. गावात तीस, दवाखान्यात एकतीस. मंग ताप बेकार बघून येतो, ह्या कवा ठरला? आनी जे परमनंट हायत ते कंपनीच्या कार्डावर ठाण्याला जातान. तेंचा ताप तुमच्या वहीत येतच नाय."

खिशातून पेन्सिल काढून साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी मांडलं आणि खोडलं. मग म्हणाले, "आकडा चुकला असेल. पण मुद्दा चुकीचा नाही, बाई. काम गेलेला माणूस खचतो. आजारी पडतो."

"तो खराच हाय," पुतळा लगेच म्हणाली. "माजा दीर मिठागर गेल्यापासून बाटलीत बसलाय, मना नका सांगू. तुमचा वर्ग काढा, खरी बेकार पोरा हायत, मी तेंना घेऊन येतंय. पन तेच्यातून दवाखाना बंद कराचा कसा निघाला? भूक लागली म्हनून पानी बंद करतान का कोन? हुडहुडी भरलेला पोर तुमच्या वर्गात उभा राहनार कसा? आनी उघाडीची दारा लावाला सरकारला सवड नाय, ती लावली असती तर दोन्ही खर्च कमी झालं असतं. ता तुमच्या रिपोर्टात हाय का?"

"नाही," साहेब म्हणाले. त्यांनी कागद घडी केला. आणि मग अधिकारी जागा झाला. "पण एक सांगा. हे रजिस्टर सरकारी आहे. आजाऱ्यांची नावं बाहेर जाता कामा नयेत. तुम्हाला ते कुणी दाखवलं?"

पोपट दवाखान्याच्या दारात उभा होता. नोकरी कायम व्हायला त्याचे चार महिने उरले होते.

आणि इथं गोजरा धावून आली. मघाच्या माना तिच्यावरून हटवायला तिला काहीतरी हवंच होतं. "सायेब, तुमाला ठाव नाय? दोघा दोन ते चार दार लावून बसतान! पंधरा दिस झालं! वही कसली, आनखी काय काय दाखवला असल!"

ओटा खदखदला. साहेबांचे कान कानशिलापर्यंत लाल झाले.

पुतळानं एकदा पोपटकडं पाहिलं. मग शिवाकडं. शिवा मान हलवत होता, नाही म्हण, नाही म्हण. मग ती गोजराकडं वळली आणि कमरेवर हात ठेवले.

"बसते. रोज बसते. आठ वर्सा झाली नवरा जाऊन. कोनाच्या बापाचा काय गेला?"

पोपटच्या तोंडून "पर काकी..." एवढं निघालं.

"तू गप, पोपट."

साहेबांनी फाईल बंद केली. असल्या भानगडीची चौकशी सभ्य माणूस करत नाही. "बरं. मी पुन्हा मोजणी करतो," ते म्हणाले आणि चहा न घेता गाडीत बसले. रजिस्टरचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आणि नंदकुमार साहेबांनी खरंच पुन्हा मोजणी केली. घरोघर फिरून, कमरेएवढ्या काळ्या पाण्याच्या कडेनं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनाच हिवताप भरला. पोपटनं त्यांचं नाव वहीत घेताना विचारलं, "धंदा काय लिवू, सायेब?" आणि गावात दोन दिवस दुसरा विनोद नव्हता. मार्चमध्ये दवाखाना बंद झाला नाही. वेल्डिंगचा वर्गही निघाला, देवजीच्याच तिसऱ्या खोलीत. खऱ्या बेकारांतले अकरा आले, नऊ टिकले. देवजीला दोन्हीकडून भाडं मिळालं, आणि तरी तो पुतळाशी वर्षभर बोलला नाही.

उघाडी सरकारनं दुरुस्त केली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुतळानं घरोघर जाऊन घरटी एक माणूस मागितला. पुरुष म्हणाले, जमीन आपली नाही. मग घरटी एक बाई गेली. पुतळा पुढं, डोक्यावर घमेलं. दारं बसली, पाणी उतरलं. महिन्याभरानं तिथं सरकारी जागेत विनापरवाना बांधकाम केल्याची नोटीस चिकटली. ती भरतीत वाहून गेली. पुन्हा चिकटली, पुन्हा गेली. दारं राहिली.

शिवानं मात्र आपली चूल वेगळी केली. त्याच घरात, मध्ये पडदा लावून, दोन वर्षं. म्हावरंही तो कोपरीच्या बाजारातून आणायचा, आईच्या नाकासमोरून. पुतळाला सगळ्यात जास्त लागलं ते हे. एकदा पोपटची बायको शिरूरहून मुद्दाम ती बाई बघायला आली. पुतळानं तिला जेवायला बसवलं, पुढ्यात चिंबोऱ्यांचं कालवण. नांगी फोडायची कशी हे शिकवण्यात दुपार गेली आणि भांडायचं राहून गेलं. ब्याऐंशीत पोपटची बदली नावड्याला झाली, कायम नोकरीत. शिवाची चूल त्या पावसाळ्यात पुन्हा एक झाली. काय बोलणं झालं ते पडद्याआड झालं. पोपट गेला, तरी बातमी गेली नाही. सत्त्याऐंशीत शेतांवर भराव पडून बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या, तेव्हा नव्या फ्लॅटांतल्या बायकांनाही गोजरा खिडकीतून बोट दाखवून सांगायची, ती बघा, ती.

पुतळानं कधीच नाही म्हटलं नाही.

पुतळाला वाचता येत नव्हतं. पोपट तिला दवाखान्याचं रजिस्टर वाचून दाखवत होता. ते परक्याला दाखवायला मनाई होती, म्हणून दार बंद असायचं. पानं एकशे वीस होती. रोज आठ पानं व्हायची. पंधरा दिवस लागले.